धरली आणि आली

माझ्या शिवणाच्या दुकानासमोर काचेचं दुकान आहे. सकाळी त्याचं शटर वर गेलं की आत भांडण सुरू होतं. दुकानात नवरा-बायको दोघंच, आणि भांडायला त्यांना फार मोठा विषय लागत नाही. चहात साखर कमी का, पंखा कुणी बंद केला, मोजायची टेप कुठे गेली. टेप बहुतेक वेळा नवऱ्याच्याच खिशात असते. ती सापडली की ती खिशात का ठेवली यावर पुढचा अंक. मी मशीनवर बसून सगळं ऐकते. लोकांच्या घरातलं ऐकू नये वगैरे मला माहीत आहे, पण कान काही काढून कपाटात ठेवता येत नाहीत. आणि खरं सांगू का, मला ऐकायचंच असतं.

ती धिप्पाड, उंच, आवाज असा की रस्त्यावरची कुत्री उठून बसतात. तो काडीसारखा, चष्मा नाकाच्या टोकावर. सगळा रस्ता त्याला काचवाले आणि तिला काचवाल्या वहिनी म्हणतो. माझ्या नाती तिला काचमावशी म्हणतात, म्हणून आता मीही तेच म्हणते.

मला मात्र एक कोडं फार दिवस सतावत होतं. एवढी भांडणारी माणसं, पण त्यांच्या हातून काच फुटल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. दाराएवढ्या काचा लाकडी घोडीला टेकवून उभ्या असतात. त्यातली एक उचलायची, दोघांनी दोन टोकांना धरून आडवं चालायचं, पायरी उतरायची, टेम्पोला टेकवायची, मग एकाने वर चढायचं आणि दुसऱ्याने खालून त्याच्या हातात द्यायची. माझ्याकडे साध्या उशीच्या अभ्र्याला टीप मारताना दोरा चारदा तुटतो. यांचं असं कसं? आणि अजून एक गंमत. भांडण अख्ख्या रस्त्याला ऐकू जातं, पण काच हातात आली की दोघांचे आवाज एकदम खाली. भांडण जिथे असेल तिथे तुटतं, काच जागेवर पोचली की त्याच शब्दापासून पुढे चालू होतं.

काचमावशीच्या मनगटांसाठी पट्टे मीच शिवते. जुन्या जीन्सचं कापड, दुहेरी, आत कॅनव्हास. काचेची कड लागू नये म्हणून. पहिल्यांदा माप घेताना तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गेलेला व्रण दिसला. मी विचारलं, हे काय हो? तर म्हणाली, "जुनी गोष्ट आहे ताई. डावा पट्टा जरा लांब शिवा." एवढं बोलून गेली. आता मला असं अर्धवट सांगितलेलं पचत नाही. पण ती बाई सांगायचं नसेल तेव्हा भिंतीसारखी असते.

एवढंच कळलं होतं की लग्नाआधी ती एका बेकरीत भट्टीसमोर काम करायची. लोखंडी ट्रे ओढून ओढून हात तयार झालेले. इथे आली तर सासरे म्हणायचे, काचेला बाईचा हात लागायला नको. मग ही फडक्याने काचा पुसायची आणि गिऱ्हाइकांना पाणी द्यायची. ती काच उचलायला कधी लागली आणि तो व्रण कधीचा, ते काही मला सांगायला तयार नव्हती.

हे असं चाललं होतं, आणि तेवढ्यात आमच्या घरात टेबल पडलं.

माझी लेक परगावी नर्स आहे. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, म्हणून तिच्या दोन्ही मुली माझ्याकडे. थोरली आणि धाकटी. दोघी गुणी आहेत, एकेकट्या असल्या तर. एकत्र आल्या की मांजरं बरी. बादली उचलायला सांगितली तर बादली राहते बाजूला आणि कान धरून ओढणं सुरू. मी एकजुटीवर इतकी भाषणं दिली की एखाद्या पुढाऱ्याने मला कामावर ठेवलं असतं. दोघी माना डोलवायच्या आणि मान डोलवताना एकमेकींना कोपर मारायच्या.

त्या दिवशी इस्त्रीचं टेबल आतल्या खोलीत न्यायला सांगितलं. जड लाकडी टेबल, माझ्या सासूबाईंच्या वेळचं. ते धाकटीच्या पायावर पडलं. अंगठ्याचं हाड मोडलं, पायाला प्लास्टर आलं. थोरली रडत एकच सांगत होती, "मी तिला विचारलं होतं, धरलंस का. ती धरलं म्हणाली, म्हणून मी सोडलं." आणि धाकटी कण्हत म्हणत होती, "मी धरलंच होतं." दोघी आपापल्या बोलण्यावर ठाम. मी दोघींना खोटारड्या म्हणून मोकळी झाले. एकीने तरी खोटं बोलल्याशिवाय टेबल आपणहून थोडंच उडी मारतं?

लेक धावत आली. मुलीचा पाय बघितला, प्लास्टरवरून हात फिरवला. जाताना दारात म्हणाली, "आई, तुझं वय झालंय, दोघींना एकत्र सांभाळणं तुला होत नाही. पोरींच्या आत्या धाकटीसाठी कधीपासून मागे लागल्यात. त्यांना मूल नाही, त्या जीव लावतील. हे सत्र संपलं की धाकटीला तिकडे ठेवते."

मी खूप वाद घातला. पण लेक माझीच ना. एकदा ठरवलं की ठरवलं. थोरली दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. भांडतात, मान्य. पण एकीच्या कुशीत दुसरी पाय टाकून झोपते, ते लेकीने कुठे बघितलंय?

प्लास्टर असलेल्या मुलीला करायचं काय? दुकानाच्या खिडकीशी तिला स्टुलावर बसवलं, पाय दुसऱ्या स्टुलावर. समोर काचेचं दुकान. तिला दुसरा उद्योगच नव्हता. पहिले काही दिवस कुरकुर केली, मग गप्प झाली. मूल गप्प झालं की मी सावध होते. बघते तर ही खिडकीच्या गजाला नाक लावून बसलेली.

"आजी, काचमावशी काहीतरी म्हणते."

"दिवसभर म्हणते. त्यात नवं काय?"

"तसं नाही. काच हातात घेतली की म्हणते. हळूच. दर वेळी तेच. ती म्हणेपर्यंत काका सोडतच नाहीत."

मी मशीन थांबवलं. एवढी वर्षं मी समोर बसते, मला हे दिसलं नव्हतं. मला दिसायचं ते भांडण. मग मीही चष्मा पुसून बघायला लागले. खरंच. काचवाले टेम्पोत वर, ती खाली. काच वर जाते, त्याचे हात काचेला लागतात, पण ती सोडत नाही. मग त्याचे ओठ हलतात. मग हिची बोटं सुटतात. उलट दिशेनेही तसंच. जो घेतो तो बोलतो. जो देतो तो वाट बघतो.

शाळेतून थोरली आली तशी धाकटीने तिला बोलावलं. नाहीतर त्या दोघींत अबोला होता. टेबल पडल्यापासून थोरली तिच्या जवळच जात नव्हती. पण अशी बातमी पोटात ठेवणार कशी? थोरली दप्तरासकट खिडकीत घुसली.

"ती 'आई' म्हणते," थोरलीने निकाल दिला.

"काका कशाला आई म्हणतील? 'हाय' म्हणतात."

"हाय म्हणताना तोंड एवढं मिटत नाही. म्हणून बघ."

दोघी एकमेकींसमोर तोंडं करून आई, हाय, जाई, नाही म्हणत बसल्या. गिऱ्हाईक आलं ते बिचकलं. रोज संध्याकाळी हेच. थोरली कागदी पुठ्ठ्याची नळी करून कानाला लावायची. धाकटी म्हणायची, नळी मला दे, मी जवळ बसते. भांडण व्हायचंच, पण दोघींची नजर एकाच दारावर असायची. मध्येच थोरली धाकटीच्या पायाखालची उशी सारखी करायची, आणि मी पाहिलंय हे कळलं की उशीवर चापट मारायची.

एकदा पट्टे न्यायला काचमावशी आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, या पोरींना जरा चार शब्द सांगा. मिळून काम कसं करायचं ते. आत्याकडे पाठवायची वेळ आली आहे हो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी? मी काय सांगणार? आत्ताच यांना कढईएवढं तोंड करून बोलून आले मी. बघतायत ना पोरी खिडकीतून? बघू देत की." आणि पट्टे घेऊन गेली. बाहेर पडताच नवऱ्यावर ओरडली की दरवाजात सायकल कुणी लावली. सायकल तिचीच होती.

शेवटी मलाच राहवेना. माझ्या ट्रायलच्या कोपऱ्यातल्या आरशाला खालून तडा होता. गिऱ्हाइकांचे गुडघे त्यात तुटके दिसायचे, पण कुणाची तक्रार नव्हती. मी नवा आरसा सांगितला. शब्द कळावा म्हणून आरसा घेणारी बाई रस्त्यात माझ्याशिवाय दुसरी नसेल. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे, मला झोप लागली नसती.

आरसा आला त्या दिवशी दोघी मशीनच्या मागे श्वास रोखून बसल्या. काचमावशी उलटी चालत उंबऱ्याशी आली. तिला मागचं दिसत नव्हतं. काचवाले हळू आवाजात सांगत होते, "पायरी. डावीकडे स्टूल. अजून एक पाऊल." ती मागे न बघता येत होती, आपल्याच घरात चालावं तशी. भिंतीशी आल्यावर तिने आरशाचा खालचा काठ उचलला, काचवाले बाजूला व्हायला थांबले. आणि ती म्हणाली, "आली."

मग त्यांनी सोडलं.

"आली!" दोघी एकदम ओरडल्या. काचवाले दचकले. बरं झालं, सोडून झालं होतं.

धाकटी प्लास्टरचा पाय ओढत पुढे आली. "काचमावशी, पण आरसा ना? मग 'आला' म्हणायला पाहिजे."

"अगं, काच ती काच," काचमावशी म्हणाली. "मागे पारा लावला म्हणून काय ती बाप्या झाली?"

थोरली मात्र हसली नाही. ती आरशाकडे बघत होती. "मावशी, 'धरली' का नाही म्हणत?"

काचमावशीने पट्टा सोडला. डावा. मी सुई खाली ठेवली. तिने व्रण असलेला हात पोरींसमोर धरला.

"ही बघा 'धरली'," ती म्हणाली. "आमचा मदतनीस सोडून गेला होता, सासरे आजारी. दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच आली. उचलायला दुसरं कुणी नव्हतं, मी गेले. यांनी विचारलं, धरलीस? मी म्हटलं, धरली. खोटं नाही बोलले बाळा. बोटं होती माझी काचेवर. पण वजन सगळं यांच्याच हातात होतं. यांनी सोडली आणि वजन आलं तेव्हा मी तयारच नव्हते."

"रक्त बघून मीच पडलो," काचवाले खाली बघत म्हणाले. "हात हिचा फाटला आणि पाणी लोकांनी माझ्या तोंडावर मारलं."

"ते कशाला सांगायचं मुलींना?"

"तू हात दाखवायचास, मी एवढंही सांगायचं नाही?"

"तर," ती पोरींकडे वळली, "बरं झाल्यावर यांनी मला दोष दिला, मी यांना. महिनोन्‌महिने. मग एकदा काच हातात असताना माझ्या तोंडून निघून गेलं, आली. वजन आलं की म्हणायचं. नुसते हात लागले म्हणून नाही. तेव्हापासून तेच. भांडायला काय, दिवस पडलाय. काच हातात असताना कशाला?"

थोरलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती धाकटीला म्हणाली, "तू खोटं नव्हतीस बोलली."

"तू पण नाही," धाकटी म्हणाली.

मी तोंड फिरवून आरसा सरळ लागलाय का ते बघत राहिले. आरसा सरळच होता. दोघींना खोटारडं म्हणणारी त्यात दिसत होती, तिचंही तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्यानंतर आमच्या घरात 'आली'चं वेडच लागलं. दुधाचं पातेलं, 'आलं'. डबा, 'आला'. बादली, 'आली'. मी कापड फाडताना दुसरं टोक धरायला थोरलीला बोलावलं तर ती ताण येईपर्यंत बोलेना, आणि बोलली तेव्हा कापड असं सरळ फाटलं की मी बघत राहिले. भांडणं काही थांबली नाहीत हो. उलटं कुणी चालायचं यावर तर जुंपायचीच, कारण उलटं चालणाऱ्याला मान जास्त. पण वस्तू हातात असली की दोघी गप्प, आणि ठेवली की पुढे चालू. मला हसू यायचं. समोरच्या दुकानाचीच शाखा उघडली होती आमच्याकडे. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी ते इस्त्रीचं टेबल मला न विचारता आत नेलं. मी आवाज ऐकून धावले तर टेबल जागेवर, आणि दोघी त्याच्यावर चढून बसलेल्या.

हे सगळं मी फोनवर लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं आहे आई. पण मी आत्यांना शब्द दिलाय. त्यांनी खोली रंगवून घेतली." टेबल पुन्हा पडणार नाही असं मी तरी कुठल्या तोंडाने सांगू?

सत्र संपलं. लेक आली ती उभ्या उभ्या, गाडी बाहेर थांबवूनच. धाकटीचे कपडे मीच पिशवीत भरले होते. नवे फ्रॉक शिवले होते, माझ्या हातात तेवढंच होतं. दोघींनी पिशवीचा एकेक बंद धरून ती बाहेर आणली, पायरीवर थोरली म्हणाली, "पायरी," आणि धाकटी उलटी उतरली. लेकीने ते पाहिलं. पाहून मान वळवली.

समोर काचमावशी आणि काचवाले घोडीजवळ उभे होते. आज तिथे भांडण नव्हतं.

लेकीने धाकटीचा हात धरला. दुसरा हात थोरलीच्या हातात होता, आणि थोरली तो सोडेना.

"सोड बाळा. मी धरलंय तिला."

"धरलंय नको," थोरली म्हणाली. "आली म्हण."

"काय?"

"आली म्हण, मग सोडते."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी जन्मात कधी गप्प बसले नाही, त्या दिवशी बसले. धाकटीनेच तिला समजावून सांगितलं, अगदी शहाण्यासारखं. "आई, नुसता हात लागला की म्हणायचं नाही. सगळं वजन आपल्याकडे आलं की मगच म्हणायचं. नाहीतर फुटतं."

लेक म्हणायला गेली. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. त्यात काय अवघड होतं? इवलासा शब्द. पण माझी लेक दिवसभर आजारी माणसांना या खाटेवरून त्या खाटेवर उचलून ठेवते, तिला वजन कळतं. उद्या ही पोर आत्याच्या दारात सोडून तिला ड्यूटीवर परत जायचं होतं. तिचे हात नुसते लागणार होते. ती तशीच उभी राहिली. मग तिचा चेहरा असा झाला, लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा.

"मला नाही गं म्हणता येत," ती म्हणाली, आणि तिने धाकटीचा हात सोडला.

थोरली लगेच बोलली नाही. तिने पाय नीट रोवले, धाकटीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, धाकटी तिच्या अंगावर टेकली.

"आली," थोरली म्हणाली.

लेक पायरीवर बसून रडली, मीही तिच्याशेजारी बसून रडले. आत्याला फोन तिने तिथूनच केला. आत्याही रडली असावी, लेक बराच वेळ नुसती हं हं म्हणत होती. मग म्हणाली, सुटीत दोघींना घेऊन येते तुमच्याकडे, दोघींना. समोर काचवाल्यांनी विचारलं टेप कुठे आहे, आणि काचमावशी म्हणाली, खिशात बघा, दुसरीकडे कुठे असणार. दोघी पोरींनी पिशवी उचलली आणि या वेळी उलटं कुणी चालायचं यावर भांडत आत नेली.